निष्काम वादनाची बनारसी पद्धत

वाराणसीला युनेस्कोने 2015 साली संगीतनगरीचा दर्जा दिला. तिथल्या कबीरचौऱ्याच्या गल्लीतला स्वतंत्र वादक आता बैठकीच्या निमंत्रणावर अवलंबून नाही. खिडकीला गादी टेकवून, पंखा बंद करून, शेजारच्या देवळातली घंटा थांबली की घामाघूम होत तो ध्वनिमुद्रण उरकतो आणि स्वतःच अपलोड करतो.

मोबदल्याची व्यवस्था अत्यंत सात्त्विक आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक श्रवण धरतात. विलंबित आलापात तेवढ्यात षड्जही धड लागत नाही. पुढचा अर्धा तास धर्मादाय. शिवाय 2024पासून, वर्षभरात हजार श्रवणे न भरलेल्या ट्रॅकला छदामही मिळत नाही. शिष्याला फलाशेपासून इतक्या कसोशीने जपणारे गुरुकुल विरळाच. या शिस्तीतून लवकरच तीस सेकंदांचे स्वतंत्र घराणे निघावे: सा लागला की लगेच भैरवी.

बनारसला हे बिनमोबदला वादन नवे नाही. संकटमोचन मंदिरातल्या संगीत समारोहात मोठमोठे कलावंतही बिदागी न घेता हजेरी लावतात. फरक किरकोळ आहे. तिथे मारुतीराय रात्रभर ऐकतात आणि प्रसादाला बेसनाचा लाडू असतो. ॲपमध्ये लाडूची सोय अद्याप झालेली नाही.