कविराज फाट्यावर उतरतात

आमच्या शेळगावात कवी राहत नाहीत, येतात. राहतात हडपसरला, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. आणि येतात चार कारणांनी : पालखी, दिवाळी, जत्रा आणि जमिनीची वाटणी. पहिल्या तीन वेळेला त्यांना कविता सुचते. चौथ्या वेळी मात्र ते स्वच्छ गद्यात बोलतात.

नाव विचारू नका. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या कुठल्याही गावात चौकशी केली तर असे एक तरी कविराज निघतात. वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी कंपनीच्या स्टोअरमध्ये, अंगात खादीचा कुर्ता आणि कविता सगळ्या फोनात. एक संग्रह स्वखर्चाने निघालेला असतो. त्याचे उरलेले गठ्ठे गावच्या घरी माळ्यावर, युरियाच्या रिकाम्या गोण्यांखाली असतात. वाळवीने तो संग्रह पूर्ण वाचला आहे. दुसऱ्या कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही.

कविराजांची प्रतिभा स्थिर जागेवर चालत नाही, तिला एसटी लागते. हडपसरहून गावी यायला पाटसमार्गे सरळ रस्ता आहे. पण कविराज मुद्दाम दिवे घाट चढून सासवड-जेजुरीवरून येतात, कारण पाटसच्या रस्त्याला म्हणे काव्य नाही. तुकोबांची पालखी शतकानुशतकं यवत, वरवंड, पाटस करतच येते, हे त्यांना सांगून उपयोग नाही. ते म्हणतात, “तुकोबांचं वेगळं, त्यांना घाईत सुचायचं.”

तशी त्यांची वाट साहित्याने ठासून भरलेली आहे, हे कबूल करायला हवं. घाट ओलांडला की सासवड, आचार्य अत्र्यांचा मुलूख. 1925 साली ‘झेंडूची फुले’ काढून अत्र्यांनी त्या वेळच्या कवींची अशी काही विडंबनं केली, की अजूनही या गावावरून जाताना कविराज फोन खिशात ठेवतात. पुढे जेजुरी. अरुण कोलटकरांचं ‘जेजुरी’ हे इंग्रजी पुस्तक 1976 साली आलं, त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला आणि त्याची सुरुवातच एसटीतून होते. म्हणून कविराजांना खिडकीची जागा हवी असते. पण शेजारच्या आजींना हमखास गाडी लागते, खिडकी त्यांना द्यावी लागते, आणि खंडोबाचा डोंगर दिसेपर्यंत कविराजांचं सारं लक्ष निसर्गापेक्षा आजींकडे असतं. मग मोरगाव. इथल्या मयूरेश्वरापुढे उभं राहून समर्थ रामदासांना ‘सुखकर्ता दुखहर्ता’ सुचली असं सांगतात. कविराज इथे दर वेळी हात जोडून डोळे मिटतात. डोळे उघडतात तेव्हा बारामती आलेली असते.

बारामती म्हणजे तर मोरोपंत. पन्हाळ्याहून आलेले पंत 1794 साली वारले ते इथेच. कऱ्हेकाठी बसून या माणसाने एकशेआठ रामायणं रचली असं मानतात. त्यातलं एक ‘निरोष्ठ’ : म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठाला ओठ लावणारी अक्षरं संपूर्ण वर्ज्य. कविराजांनी एकदा तसा प्रयत्न केला आणि अर्ध्या तासात सोडून दिला. कारण ही पाच अक्षरं काढली की माय जाते, माती जाते, बाप जातो, पाऊस जातो आणि भाकरीही जाते. मग ग्रामीण कवितेत उरतं काय? उरतो ऊस. त्यावर कविराजांची एकही कविता नाही, कारण उसाचे पैसे येतात आणि ज्याचे पैसे येतात त्याचं दुःख कवितेत बसत नाही.

बारामतीहून पुढे काटेवाडी, भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे करत गाडी जंक्शनला येते. जंक्शन हे गावाचं नाव आहे. रेल्वे शोधायला जाऊ नये. वालचंदनगरचा रस्ता इथून फुटतो. त्यानंतर अंथुर्णे आणि मग शेळगाव फाटा. कविराज उतरतात, खाली वाकून चिमूटभर माती कपाळाला लावतात. न्यायला आलेला पुतण्या मोटारसायकल चालूच ठेवून म्हणतो, “काका, तिथली नका घेऊ, काल टँकरचं डिझेल सांडलंय.”

घरी आल्यावर पहिला तास जुन्या घराच्या आठवणीत जातो. शेणाने सारवलेली भुई, ओसरी, कंदील. थोरले भाऊ, म्हणजे आमचे आण्णा, नव्या स्लॅबखाली पंखा लावून बसलेले असतात. ते शांतपणे म्हणतात, “तुला सारवायचं असलं तर गोठ्यामागं जागा हाय.” गोठ्यात कविराजांना ‘कपिला’ दिसते. आण्णांना ती चौदा लिटरची एचएफ दिसते, आणि डेअरीत फॅट कमी लागली म्हणून कापलेला दर दिसतो. दोघेही एकाच गाईकडे मायेने बघत असतात, फक्त एकाच्या हातात मुरघासाची पाटी असते.

रात्री खरी मैफल. नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळातला. कविराजांच्या कवितेत त्याचं पाणी खळाळत येतं. रानात ते पाळीने येतं, आणि टेलच्या माणसापर्यंत येता येता त्याचा खळाळ संपलेला असतो. म्हणून विहिरीवरची मोटर चालू करायची आणि रात्री दोनला उठून दारं धरायची.

“आण्णा,” कविराज भारावून म्हणतात, “चांदण्यात भिजणं काय असतं ते तुम्हालाच माहीत.”

“चांदण्यात कोण भिजतंय बाबा. थ्री-फेज लाइट रातचीच हाय. दिवसा देत असतील तर उन्हात भिजीन.”

असं म्हणून आण्णा कविराजांच्या हातात खोरं देतात आणि पलीकडच्या वाफ्याकडे जातात. कविराज खोरं बांधाला टेकवतात, फोन काढतात. चार ओळी होतात. तेवढ्यात दारं फुटतं आणि शेजाऱ्याचा काल पेरलेला गहू पोहायला लागतो. सकाळी बांधावर जे बोलणं होतं, त्यात अनुप्रास भरपूर असतो, पण ते कुठल्या दिवाळी अंकात छापता येण्याजोगं नसतं.

पालखीत कविराज सर्वांत फुलतात. काटेवाडीत परीट समाजाने अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्या, मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीचं अश्वरिंगण असं सगळं फोनात टिपत ते शेळगाव फाट्यावर येतात. इथून दिंड्या निमगाव केतकीच्या मुक्कामाला जायच्या असतात. फाट्यावर पिठलं-भाकरी वाटपात आण्णा त्यांना उभं करतात. एका वर्षी पंगतीतल्या एका माउलीने विचारलं, “काय करता बाबा?”

“कविता करतो.”

“मग म्हणा की एक.”

कविराजांनी फोन काढला. दोन दिवस रिंगणं टिपून त्याचा जीव गेलेला. आणि स्वतःची एकही कविता पाठ नाही! माउलीने वाट पाहिली, मग भाकरी मोडता मोडता स्वतःच एक अभंग म्हटला, मग दुसरा, मग पिठलं वाढेपर्यंत तिसरा. वही नाही, चष्मा नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तरी लोकांच्या तोंडी राहिली, अशी कथा आहे. कविराजांचं समग्र वाङ्मय चार्जर हडपसरला राहिल्यामुळे बुडालं.

गंमत म्हणजे शेळगावची कविता कविराजांना शेळगावात होत नाही. ती होते हडपसरच्या सिग्नलला. शेळगावात झाडाखाली बसले की ‘महानगरातील एकाकीपण’ सुचतं. एकदा सहलीबरोबर काश्मीरला गेले होते, तर दल सरोवरात शिकाऱ्यात बसून त्यांनी आण्णांच्या शेततळ्यावर कविता लिहिली. पुढच्या महिन्यात शेततळ्याच्या कडेला बसून दल सरोवरावर. कविराजांच्या पत्नी म्हणतात, “हे जिथं असतात तिथं नसतात. म्हणून मी यांना दूध तापवायला सांगत नाही.”

आण्णांना हे वेगळ्या तऱ्हेने कळलेलं आहे. गावात कुणी कविराजांची टिंगल केली तर ते म्हणतात, “आरं, आमी हितं ऱ्हातो म्हनून आमाला रान दिसत न्हाय, काम दिसतंय. त्येला तरी दिसू द्या.” आणि केवळ या भावनेपोटी त्यांनी नव्या ट्रॉल्यांच्या मागे लिहायला कविराजांकडे कविता मागितली.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कविता मागत होतं. कविराजांनी ‘परतीची वाट’ नावाची बावीस ओळींची मुक्तछंदातली रचना दिली. पेंटर अक्षराला पैसे घेणारा. त्याने कविता वाचली, ट्रॉली मोजली आणि फक्त शीर्षक ठेवलं. तेही एका फळीवर मावेना, म्हणून पुढच्या ट्रॉलीवर ‘परतीची’ आणि मागच्या ट्रॉलीवर ‘वाट’. मराठी कवितेचं इतकं कठोर संपादन क्वचितच झालं असेल.

त्या हंगामात पालखी महामार्गाचं काम चालू होतं. दिवाळी उरकून कविराज पुण्याला निघाले आणि लासुर्ण्याअलीकडे एकेरी रस्त्यावर एसटी उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे अडकली. पुढची ट्रॉली मागचीने झाकलेली. सगळ्या गाडीला दिसत होता तो एकच शब्द : वाट. आणि ती काही केल्या मिळत नव्हती. चाळीसएक माणसं पाऊण तास एकच कविता वाचत होती आणि मोठ्याने तिचं रसग्रहण करत होती. कुणी पेंटरचा उद्धार केला, कुणी मालकाचा, एका गृहस्थांनी लिहिणाऱ्याच्या खानदानाचा परामर्श घेतला.

शेवटी कंडक्टर दारातून बाहेर झुकून ओरडला, “कुणाची रं ही ट्रॉली? आन् कुणी लिवलंय हे?”

ओळख नसलेल्या माणसालाही आपलं पूर्ण नाव, टोपणनाव आणि संग्रहाची किंमत सांगणारे आमचे कविराज त्या दिवशी खिडकीकडे तोंड करून गाढ झोपले होते.