आबांचं टाइमटेबल

देवगाव फाट्यावर कुणी राहायला येत नाही, सगळे पुढे जायला येतात. सेलूची गाडी, जिंतूरची गाडी, मंठ्याकडून येणारी गाडी. अशा जागी ज्याचं दुकान, त्याला गाड्यांच्या वेळा पाठ असणारच. आमच्या आबांना मात्र पाठ आहेत त्या मार्व्हलच्या, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या सुपरहिरो सिनेमा-सिरीजच्या.

आबांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. भिंतीवर कालनिर्णय. त्यात पेन्सिलीनं दुधाचे खाडे, निळ्या रिफिलनं थ्री फेजची पाळी, म्हणजे या आठवड्यात लाइट दिवसा की रात्री, आणि लाल रिफिलनं सिनेमे व सिरीज. एका चौकोनात मी स्वतः वाचलंय : 'दूध नाही. पाच एचपी, कॉइल. लोकी.'

हा नाद पुण्याला शिकायला गेलेल्या पुतण्यानं लावला. पुतण्या पुढं नोकरीला लागला, सुधारला. आबा राहिले. आता जळालेली मोटार घेऊन कुणी आलं की आबा व्होल्टेजआधी विचारतात, "सध्या काय बघायलाव?" सरळ उत्तर देण्यात धोका आहे. एका पोरानं आधी 'एंडगेम' पाहिला आणि मग त्याच्या आधीचा 'इन्फिनिटी वॉर', असं हसत हसत सांगितलं. त्याच्या आजोबांच्या मोटारीचं वार्निश पुढं दोन दिवस वाळलंच नाही.

आबांचा खरा जीव अडकलाय 'एजंट्स ऑफ शील्ड' या सिरीजमध्ये. ती रेंगाळली असं कुणी म्हणालं की त्यांच्या हातातली तांब्याची तार सुटते.

"रेंगाळली नाही सर, थांबवून ठेवली होती. आता बघा. सेलूच्या गाडीला मंठ्याकडून येणाऱ्या गाडीचे पाशिंजर घ्यायचेत. मोठी गाडी लेट. मग लहान गाडीच्या डायव्हरनं काय करावं? चहा घ्यावा, तंबाखू मळावी, टायर बडवून बघावं. पहिले सोळा भाग म्हणजे टायर बडवणं!"

आणि हिशेब चोख. सिरीज सुरू झाली 24 सप्टेंबर 2013 ला. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर, आठवड्याला एक भाग, तोही दर आठवड्याला मिळेलच असं नाही. 4 फेब्रुवारीनंतरचा भाग थेट 4 मार्चला. पहिल्या सीझनचे भाग 22 आणि पोटात गुपित एकच : शील्ड ही संघटना आतून शत्रूनं पोखरलीय. पण ते फोडायचा मान सिनेमाचा, 'कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर'चा. तो अमेरिकेत लागला 4 एप्रिल 2014 ला. चारच दिवसांनी, 8 तारखेला सतरावा भाग आला, घरातलाच एजंट वॉर्ड गद्दार निघाला आणि गाडी जी सुटली ती मे महिन्यापर्यंत कुठं थांबली नाही. "पण तवर निम्मे पाशिंजर काळीपिवळीनं निघून गेले होते," असं म्हणून आबा खरोखर हळहळतात.

त्यांचा दुसरा राग 'थॉर'वर. त्याच्या दुसऱ्या सिनेमात देवमंडळी ग्रिनिचमध्ये धुमाकूळ घालून गेली, आणि नोव्हेंबरातल्या आठव्या भागात शील्डची माणसं तिथला राडारोडा उचलताना दिसली. "देवांनी मारामारी करायची अन् सिरीजनं खराटा घ्यायचा! मोठ्या घरची सून झाली की असंच असतं." यावर आतून काकूंचा भांड्यांचा आवाज जरा वाढतो.

कोरोनात तर आबा आजारी न पडता खंगले. 'ब्लॅक विडो' सिनेमा मे 2020 मध्ये यायचा, तो गेला जुलै 2021 वर. त्यात जी व्हॅलेंटिना पहिल्यांदा भेटायची, ती त्याआधीच 'फाल्कन अँड द विंटर सोल्जर' या सिरीजमध्ये हजर. लाल रिफिलची इतकी खाडाखोड झाली की त्या महिन्यांत दुधाचा हिशेब गवळ्यानं सांगेल तो.

काकूंचं बघणं याच्या उलट. झी मराठीवरची 'देवमाणूस' त्यांनी 2020 पासून भाकऱ्या थापता थापता, मधले आठ-आठ दिवस गाळून पाहिली आणि त्यांचं काही अडलं नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये 'देवमाणूस' नावाचा सिनेमा लागला, तेव्हा आबा सावध झाले. म्हणाले, आधी सिरियलचे दोन्ही भाग पुरे करू, मग सिनेमा. रात्र रात्र बसून त्यांनी सिरियलमधल्या खुनशी डॉक्टरचा आख्खा इतिहास उरकला आणि काकूंना घेऊन परभणी गाठली. पडद्यावर महेश मांजरेकर, रेणुका शहाणे, आणि गोष्ट हिंदीतल्या 'वध'ची. सिरियलशी नावापलीकडं काडीचा संबंध नाही. तरी मध्यंतरानंतरही आबा काकूंना सांगत होते, "थांब, डॉक्टर येईल आता."

त्यातून सावरतात तोच जूनमध्ये सिरियलचा तिसरा भाग सुरू झाला. नाव काय, तर 'मधला अध्याय'! पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधला, आणि आला तिसरा. आबा दुकान अर्धं उघडं टाकून घरात गेले. असला उफराटा कारभार करणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही, थोरल्याआधी धाकटं कधी पुढं येतं का, असा त्यांनी सवाल केला.

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली. "मग थोरल्या भावजींच्या आधी बोहल्यावर कोण चढलं होतं?"