हातमोज्याचा भाव

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या प्रत्येक टोळक्यात एक हिशेबनीस असतो. बाकीचे खेळाडू आपापल्या पात्राला करुण पूर्वेतिहास चिकटवण्यात गुंतलेले असतात. कुणाचं गाव ओर्कांनी जाळलेलं, कुणाचा बाप राजा, पण उघड सांगायची सोय नाही. हिशेबनिसाच्या योद्ध्याला आईबाप नसतात, गाव नसतं, आडनावही नसतं. त्याच्यापाशी एक्सेलची फाइल असते.

ड्रॅगन मेला की इतर जण एकमेकांना टाळ्या देतात. हा विचारतो, “नाणी किती?” आकडा कळला की लगेच दुसरा प्रश्न, “आणि वजन?” नियमाप्रमाणे पन्नास नाण्यांचा एक पौंड होतो, हे टेबलावर त्याच्याशिवाय कुणाला माहीत नसतं आणि कुणाला माहीत करूनही घ्यायचं नसतं. +5 ची लांब तलवार 50,315 मोहरांना मिळते. म्हणजे तलवार घ्यायला निघालेल्या वीराच्या पाठीवर साडेचारशे किलोंहून जास्त सोनं. त्यावर याचा तोडगा तयार असतो: आधी 7,400 मोहरांची ‘बॅग ऑफ होल्डिंग’ घ्यायची. तिच्यात बरोबर हजार पौंड मावतात, म्हणजे पन्नास हजार नाणी. “वरची 315 खिशात,” असं तो सांगतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते ड्रॅगन मारतानाही दिसलेलं नसतं.

ही जमात नेहमी इतकी सुखात नव्हती. 1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या गावातून, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ बाहेर पडला, तेव्हा जादूची तलवार ही मुख्यतः सापडायची वस्तू होती. भुयारात उतरायचं, कुठल्यातरी मढ्याच्या उशाशी ती मिळायची, आणि ती शापित निघाली तर तेही आपलंच नशीब. मग 2000 साली तिसरी आवृत्ती आली, 2003 मध्ये तिची सुधारलेली प्रत आली, आणि खेळ चालवणाऱ्या डीएमच्या पुस्तकात एक तक्ता छापून आला: स्वतःच्या कल्पनेतल्या जादूच्या वस्तूची किंमत कशी काढावी. शस्त्र असेल तर अधिकच्या चिन्हापुढच्या आकड्याचा वर्ग करा आणि 2000 ने गुणा. मंत्राचा सतत परिणाम देणारी वस्तू असेल तर मंत्राची पातळी गुणिले मंत्र टाकणाऱ्याची पातळी गुणिले 2000. मिलवॉकीपासून पुण्यातल्या वन-बीएचकेपर्यंत सगळ्या हिशेबनिसांना त्या दिवशी आपला ग्रंथ सापडला.

त्या तक्त्याबरोबर पुस्तकाने दोन गोष्टी साध्या भाषेत सांगून ठेवल्या आहेत. एक, नवी वस्तू आधी जुन्या, किंमत ठरलेल्या वस्तूशी ताडून पाहा. दुसरी, सूत्रं ही फक्त सुरुवात आहे, वस्तूची खरी लायकी पाहून आकडा बदला. हिशेबनिसाने पुस्तक पाठ केलेलं असतं, पण या दोन ओळींवर त्याची नजर ठरत नाही. लग्नपत्रिकेतला ‘कृपया आहेर आणू नये’ हा मजकूर जसा कुणाच्या नजरेत भरत नाही, तसं.

तर त्याला हवा असतो हातमोजा. ‘ट्रू स्ट्राइक’ नावाचा पहिल्या पातळीचा किरकोळ मंत्र आहे. तो म्हटला की पुढच्या एका वारावर +20 मिळतात. एक वार झाला की संपलं, म्हणून तो स्वस्त. हिशेबनिसाला तो सतत चालू हवा.

“एक गुणिले एक गुणिले 2000,” तो डीएमला सांगतो. “दोन हजार झाले.”

“अरे, राउंडमध्ये मोजायचा मंत्र असला तर चौपट करायचं असतं ना?”

“याच्या कालावधीपुढे पुस्तकात ‘मजकूर पाहा’ एवढंच लिहिलंय. राउंड हा शब्दच नाही. बघ.”

डीएम बघतो. खरंच नसतो.

इथून खरी घासाघीस सुरू होते. वस्तू वापरायला विशिष्ट कौशल्य लागत असेल तर साधारण दहा टक्के कमी. एकाच पेशाच्या किंवा एकाच नीतिमत्तेच्या माणसाला चालत असेल तर तीस टक्के कमी. म्हणून हा हातमोजा फक्त सज्जन योद्ध्यालाच चालतो, तोही त्याला चढाई येत असेल तर. तलवारीचा आणि चढाईचा संबंध काय, हे विचारायचं नसतं. 2000 चे 1800 होतात, 1800 चे 1260. शिवाय वस्तू घरी बनवली तर निम्म्या खर्चात पडते, आणि टोळीतला जादूगार घरचाच. 630. “डावखुऱ्यांसाठीच केला तर आणखी काही सुटेल का?” एवढं मात्र तो जरा चाचरत विचारतो.

आता हाच +20 तलवारीच्या सूत्राने मोजा. वीसचा वर्ग 400, गुणिले 2000, आठ लाख. त्याच पुस्तकात कुठल्या पातळीच्या वीरापाशी साधारण किती मालमत्ता असावी याचाही तक्ता आहे, आणि विसाव्या पातळीच्या, म्हणजे देवांशी दोन हात करायला निघालेल्या माणसाची एकूण मालमत्ता तिथे 7,60,000 दिली आहे. हातमोजा त्याहून महाग. आठ लाखांचा माल 630 ला मागणारा माणूस एरवी भामटा ठरला असता. हिशेबनीस मात्र भामटा नाही, हे मी अनेक वर्षं टेबलाच्या डीएमच्या बाजूला बसून सांगतो. भामट्याला आपण फसवतोय हे ठाऊक असतं. याला मनापासून वाटतं की ही त्या जगाची रीतच आहे. बाकीच्यांना ते जग चित्रातलं वाटतं, राहायला गेलेला असतो तो एकटाच. अकुशल मजुराला तिथे दिवसाला एक चांदीचं नाणं मिळतं, दहा चांदीची एक मोहर, तेव्हा 2,315 मोहरांच्या साध्या +1 तलवारीसाठी त्या मजुराने सुट्टी न घेता त्रेसष्ट वर्षं राबायला हवं, हे त्याला तोंडपाठ असतं. त्या मजुराची दया मात्र त्याला कधी आलेली दिसली नाही.

डीएम लोकांकडेही डावपेच असतात. साधा डाव म्हणजे टोळीला आडगावात नेऊन सोडायचं. नियमाप्रमाणे अगदी छोट्या वाडीत 40 मोहरांच्या वरची वस्तू विकायलाच नसते, खेड्यात 200 च्या वरची. यावर हिशेबनीस नकाशा मागतो आणि पंधरा हजारांची मर्यादा असलेलं लहान शहर किती दिवसांच्या चालीवर आहे ते मोजतो. राजकन्या पळवली गेलेली असते, ती थांबते.

दुसरा डाव जास्त खानदानी. डीएम शांतपणे म्हणतो, “ठीक आहे, भाव मान्य. पण मग बाजारात तो सगळ्यांनाच. पुढच्या खिंडीत वीस गोब्लिन आहेत, प्रत्येकाच्या हातात तुझा हातमोजा.”

टेबलावर शांतता पसरते. टोळीतला पुरोहित डोक्याला हात लावतो. हिशेबनीस मात्र पेन्सिल घेतो.

“गोब्लिन सज्जन नसतात. म्हणजे त्यांना सवलत लागू नाही, पूर्ण 2000 चे हातमोजे. मेल्यावर आपण अर्ध्या किमतीला विकले तर नगाला हजार. वीस गोब्लिन, वीस हजार.” मग मान वर करून, “खिंड कुठे आहे म्हणालास?”

2014 साली पाचवी आवृत्ती आली, तिच्यात हा सगळा गुणाकार कटाप होता. सूत्रं गेली, वर्ग गेले, चढाईची सवलत गेली. उरले फक्त दुर्मिळतेचे पट्टे: कमी आढळणारी वस्तू 101 ते 500, दुर्मीळ 501 ते 5000, अतिदुर्मीळ 5001 ते 50,000. त्या पट्ट्यात कुठे बोट ठेवायचं ते डीएमने ठरवायचं. डीएम मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला. आमच्या हिशेबनिसाने दोन आठवडे फोन उचलला नाही.

तिसऱ्या आठवड्याला तो आला. हातमोज्याचं कागदावर काढलेलं चित्र त्याने टेबलावर ठेवलं. डीएमने ते नीट पाहिलं, पुस्तक चाळलं, बराच विचार केला आणि निवाडा दिला, “दुर्मीळ.”

“मान्य,” हिशेबनीस म्हणाला आणि 501 नाणी मोजायला लागला.