गाडीची जन्मतारीख

जुलै २०२५च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीहून एक बातमी आली. २०१५ साली ८४ लाखांना घेतलेली मर्सिडीजची एसयूव्ही एका गृहस्थाने अडीच लाखांना विकली. ना अपघात, ना इंजिनचा बिघाड. गाडीला काहीच झालं नव्हतं. तिला फक्त दहा वर्षं झाली होती.

दिल्ली आणि आसपासच्या राजधानी परिसरात डिझेल गाडीचं आयुष्य दहा वर्षांचं आणि पेट्रोल गाडीचं पंधरा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५मध्ये हे ठरवलं, २०१८च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. रस्ता कर मात्र पंधरा वर्षांचा हिशेब धरून एकरकमी घेतलेला. म्हणजे देणगी पूर्ण घ्यायची आणि प्रसाद दोन तृतीयांश द्यायचा.

१ जुलै २०२५पासून तर पेट्रोलपंपांवरचे नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे कामाला लागले. म्हाताऱ्या गाडीला इंधन नाही, वर जप्तीची भीती. दोनच दिवसांत खुद्द दिल्ली सरकारने वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाला लिहिलं, की जरा थांबा. आयोग थांबला, पुढची तारीख पडली १ नोव्हेंबर. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, केवळ वय झालं म्हणून मालकांवर सक्तीची कारवाई नको. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई मूळचे अमरावतीचे. पूर्वी लोक एकच गाडी चाळीस-पन्नास वर्षं वापरायचे, अशी आठवण त्यांनी सुनावणीत काढली. ज्यांच्या दारात फियाट होती, त्यांना हे वेगळं सांगायला नको. १७ डिसेंबरला आदेश पुन्हा बदलला: संरक्षण फक्त बीएस-४ या धूर-मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांना, जुन्या मानकांच्या गाड्यांवर कारवाईला मोकळीक.

आता हिशेब करा. दिल्लीत बीएस-४ लागू झालं २०१०मध्ये. २०१५ची ती मर्सिडीज डिसेंबरच्या आदेशानंतरही सुरक्षित राहिली असती. त्या गृहस्थाने ऑगस्टच्या आदेशापर्यंत सहा आठवडे दम धरला असता, तर ऐंशी लाख नाही, पण निदान अब्रू वाचली असती. धीर ज्याचा सुटला त्याचं नुकसान आणि ज्याने धरला त्याचा फायदा, हा शेअर बाजाराचा नियम दिल्लीने मोटारींना लावला आहे. करोलबागेतला मुरलेला व्यापारी बॉनेट उघडण्याआधी कॅलेंडर उघडतो.

हा खेळ नवा नाही. डिसेंबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन हजार सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांची नवी नोंदणीच राजधानी परिसरात थांबवली. न्यायालयाने रेघ मारली दोन हजारवर; महिंद्राने महिन्याभरात स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही-५०० साठी १.९९ लिटरचं इंजिन आणलं. ताकद जवळपास तीच, धूर कायदेशीर. ऑगस्ट २०१६मध्ये बंदी उठली, ती शोरूम किमतीच्या एक टक्का पर्यावरण शुल्कावर. पन्नास लाखांच्या गाडीला पन्नास हजार. फुप्फुसांचा याहून स्वस्त सौदा कुठे मिळाला तर कळवा.

तर मुद्दा सेकंडहँड एसयूव्हीचा. ऑडी क्यू-७, बीएमडब्ल्यू एक्स-५, रेंज रोव्हर, म्हणजे ज्यांच्याकडे आपण सिग्नलला मान वर करून बघतो, त्या दिल्लीत नव्या क्रेटाच्या भावात मिळतात. गुडगावच्या काचेच्या शोरूममध्ये विक्रेता गाडीची ओळख स्थळासारखी करून देतो. ‘सिंगल ओनर’. ‘डॉक्टरसाहब की गाडी’. ‘फक्त एअरपोर्टला जायची’. दिल्लीत इतके डॉक्टर असते, तर एम्सच्या दारात पहाटे चारपासून रांगा लागल्या नसत्या.

बाकीची माहिती गाडी स्वतःच देते आणि तीही खोटी. मीटर मागे फिरवता येतो. दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी एका दुपारीत पंचेचाळीस हजारांवर येते. जुलै २०२३च्या पुरात दिल्लीत यमुना २०८.६६ मीटरवर पोचली होती. पाण्यात बुडालेल्या गाड्या विमा कंपन्या लिलावात काढतात आणि त्यातल्या काही ड्रायक्लीन होऊन पुन्हा फिरायला लागतात. दिल्लीच्या उन्हाळ्यात गालिच्याखालून कुबट वास येत असेल, तर तो अत्तराच्या बाटलीने जात नाही.

आणि खरी मेख पुढेच आहे. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. पंधरा लाखांत घेतलेल्या गाडीचं एअर सस्पेन्शन बसलं, की बिल कोटीच्या गाडीचं येतं. खरेदी आपल्या ऐपतीने होते, दुरुस्ती पहिल्या मालकाच्या ऐपतीने करावी लागते. त्यात सप्टेंबर २०२५मध्ये मोठ्या नव्या एसयूव्हींवरचा कर उपकरासह पन्नास टक्क्यांवरून चाळीसवर आला. आदल्या महिन्यात जुनी गाडी ‘काय स्वस्तात पडली’ म्हणून पेढे वाटणाऱ्यांना ते पेढे परत घेता आले नाहीत.

हिवाळा तर विसरूच नका. हवा बिघडली, की ‘ग्रॅप’ या प्रदूषणविरोधी आराखड्याचा तिसरा टप्पा लागतो आणि दिल्ली, गुडगाव, फरिदाबाद, गाझियाबाद, नोएडात बीएस-४ डिझेल गाड्यांना बंदी येते. मोडली तर दंड वीस हजार. म्हणजे डिसेंबरच्या आदेशाने जिवंत राहिलेली गाडी डिसेंबरच्याच हवेत घरात कोंडलेली. लग्नसराईत वरातीपुढे मिरवायला घेतलेली गाडी नेमकी लग्नसराईत तळघरात. वर्षातले उरलेले महिने ती तुमचीच.

मग प्रश्न पडतो, की व्यवस्था गाडीचा धूर मोजायचा सोडून वय का मोजते? दहा वर्षांत वीस हजार किलोमीटर फिरलेली आणि तीन वर्षांत दोन लाख फिरलेली यांना एकच पट्टी का? उत्तर एप्रिल २०२५मध्ये दिल्ली विधानसभेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात मिळेल. मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषण करणाऱ्या सुमारे १.०८ लाख गाड्यांना पीयूसीची प्रमाणपत्रं दिली गेली होती. यंत्र म्हणत होतं नापास, कागद म्हणत होता पास.

म्हणजे किलोमीटर मागे जातात. धूर पावतीवर कमी होतो. ठोकलेलं दार ‘ओरिजिनल पेंट’ होतं. या सगळ्या बाजारात न हलणारी एकच गोष्ट उरली: आरसीवरची जन्मतारीख. म्हणून व्यवस्थेने तीच घट्ट धरली. दहा वर्षांचा नियम हवेच्या शास्त्रातून कमी आणि स्वतःच्याच तपासनिसांवरच्या अविश्वासातून जास्त आलेला आहे. शाळेत सगळेच कॉपी करतात म्हटल्यावर मास्तरांनी उंचीवर निकाल लावला.

यात आपला संबंध काय, असं पुणेकराने विचारायच्या आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारावी. ‘दिल्लीची गाडी आहे, निम्म्यात मिळाली’ हे वाक्य औरंगाबादपासून कोल्हापूरपर्यंत हल्ली अभिमानाने म्हटलं जातं. दिल्लीतली दहा वर्षांची डिझेल गाडी महाराष्ट्रात आली, की तरुण होते. इथे नोंदणी पंधरा वर्षांची आणि नंतर पर्यावरण कर भरून पुढेही. लवादाने २०१६मध्ये सांगितलंच होतं, की दहा ते पंधरा वर्षांच्या डिझेल गाड्यांना बाहेर जाण्याची एनओसी द्या, पण वाहनांची गर्दी कमी असलेल्या भागांसाठी. थोडक्यात, जिथली हवा अजून बरी आहे, तिथे पाठवा. दिल्लीची हवा सुधारायचा हा मार्ग इतका सोपा आहे, की आपल्याला सुचला नाही याचंच वाईट वाटतं.

शिवाय निम्म्यातली गाडी निम्म्यात पडत नाही. इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची, तर नवी नोंदणी लागते. वीस लाखांवरच्या डिझेलला नव्यासाठी कर पंधरा टक्के, जुन्याला वयानुसार सूट. दिल्लीत भरलेला कर परत मागायला पुन्हा दिल्ली. फॉर्म २८, २९, ३० आणि कर्ज असेल तर ३५. नंतर आरटीओतल्या एजंटाचा फोन, तो उचलत नाही तेव्हा त्याच्या भाच्याचा.

एवढं करूनही घ्यायचीच असेल तर घ्या, हौसेला मोल नसतं. मात्र मीटरवर विश्वास न ठेवता चासी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद काढा. विम्याचे क्लेम बघा. आरसीवर बीएस-४ आहे की बीएस-६, ते बोट ठेवून वाचा. एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. विक्रेत्याने आईची शपथ घेतली, तर चहा पिऊन उठा. आणि गाडी दारात आली, की शेजारचे काका ‘ॲव्हरेज किती देते?’ असं विचारणारच आहेत. एक आकडा तयार ठेवा, मीटरसारखाच.

गाडीला इथली पाटी मिळायला दोन-तीन महिने जातील. धुराला एनओसी लागत नाही. तो पहिल्याच दिवशी स्थानिक होतो.