काटकसर आणि कसर

मूलहून गडचिरोलीस जाणाऱ्या सडकेवरील सावली या धानाच्या मुलखात ज्यांची हयात गेली, त्या आमच्या काकाजींस कोणत्याही जिनसेचा किरकोळ भाव उच्चारणे हा वाणीचा विटाळ वाटे. 'ठोक' हाच त्यांचा मूलमंत्र. 1936 साली गांधी सेवा संघाच्या संमेलनानिमित्त महात्माजी सावलीस आले होते, ही हकीकत ते अभिमानाने सांगत. मात्र अपरिग्रहाचे व्रत त्यांनी महात्माजींकडेच राहू दिले होते आणि स्वतःकडे गांधीजयंतीची खादीवरील सूट तेवढी ठेवून घेतली होती.

चंद्रपुरास गूळ किलोमागे दोन रुपयांनी उतरल्याची वार्ता कानी येताच ते एस.टी.ने गेले, तीस किलो घेऊन परतले आणि साठ रुपयांची बचत खतावणीत जमेस मांडली गेली. जाण्यायेण्याचे भाडे, हमाली आणि वाटेतली चहाभजी यांचे काय, असे विचारता, तो प्रवास हवापालटासाठी होता, असा खुलासा मिळाला. मृगाच्या सरींनी गुळास पाझर फुटला, तेव्हा तो साठविण्यास पिंप आले; एक महाग पडते म्हणून तीन आली.

तांदळाची कथा निराळी नव्हे. ''अरे, तांदूळ जुना झाला का भाव चढते!'' असे काकाजी म्हणत, आणि ते खोटे नव्हे. परंतु सूप हाती घेतलेल्या काकू सोंडे पाखडीत उत्तरत, ''भाव चढते खरा, पण सोंडेबी चढते ना!''

1913 साली फोर्ड हॅरिस नामक अमेरिकन अभियंत्याने एका खेपेस किती माल आणावा, यावर सूत्रच मांडले: थोडा माल आणल्यास फेऱ्यांचा खर्च वाढतो, फार आणल्यास साठा सांभाळण्याचा, आणि किफायत मधल्या एका आकड्यात असते. त्यासाठी हॅरिसास वर्गमूळ काढावे लागले. काकूंस आठवडी बाजाराची पिशवी पुरे.

यंदा दसऱ्यास संदूक उघडली, तो सवलतीच्या भावात घेतलेल्या सहा घोंगड्यांस कसर लागलेली. शेजारच्या खतावणीचीही तीच गत. बचतीची सारी पाने कसरीने फस्त केली होती. खर्चाची पाने तेवढी शाबूत निघाली. ती कोरी होती.