निष्ठावंत रसिकांचा गौरव

जुन्या चित्रपटांवर जीव टाकावा तो आपणच. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) आपल्याला इतका प्रिय, की त्याची एकही प्रत आपण उरू दिली नाही. उगाच कुणी पाहून नावं ठेवायला नकोत. मूकपटांचीही मूठभर वगळता हीच सोय लावली. कित्येक रिळं चांदी काढायला विकली गेली. रुपेरी पडद्याचं रुपं शेवटी सराफाकडे पोहोचलं, हेही रीतसरच.

या पवित्र कार्यात विघ्न आणलं ते पुण्याच्या चित्रपट संग्रहालयातल्या पी. के. नायर यांनी. दादासाहेब फाळक्यांची उरलीसुरली रिळं हुडकून त्यांनी चक्क जपून ठेवली! आता त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा उरलेला भाग मोबाइलवरही फुकट दिसतो. सुदैवाने रसिकांचा संयम ढळलेला नाही. फाळक्यांच्या पुतळ्याला हार घालतात, पण चित्रपटाला बोट लावत नाहीत.