सोनेरी डबीचा महिमा

मोटरसायकलचा मागचा शॉकअप बदलायचा, तर आधी रंग ठरवावा. सोनेरी मिळाला तर उत्तम. स्वीडनच्या ओहलिन्स कंपनीने 1976 पासून शर्यतींच्या मैदानात कमावलेलं नाव आपल्याला नुसत्या रंगावर मिरवता येतं. शेजारी गॅसची डबी लटकलेली हवीच. दाबाखाली भरलेला नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही, म्हणून तासन्‌तास खडबडीत वाटेवर तापलेला शॉकअपही ढिला पडत नाही. आपली वाट घर ते ऑफिस, मध्ये चहा. शिवाय बाजारातल्या काही डब्या निव्वळ शोभेच्या. तिथे गॅस असतो तो विकणाऱ्याच्या बोलण्यात.

मात्र एखादा दुकानदार ‘वजन किती?’ विचारू लागला, तर सांभाळा. स्प्रिंग वजनावर ठरते म्हणे! हजारोंच्या नोटा न कचरता मोजणारा गडी इथे दहा किलो चोरतो. मग गाडी दणके देते आणि दोष कंपनीला. त्यावर उपाय म्हणून प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी, रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची मागची उंची तेवढी बदलते. पण हे ऐकायला कोण थांबलंय? डबीसोबत फोटो काढायचा असतो.

जुन्या शॉकअपलाही बहुधा प्रीलोडच्या पायऱ्या असतात. त्या फिरवायचा पाना अनेक गाड्यांच्या टूलकिटमध्ये फुकट येतो. आधी तो पिशवीतून बाहेर काढा.